थॉमस नॅस्ट आणि टॅमनीचा वाघ

न्यूयॉर्क शहरात चेंबर्स स्ट्रीटवर न्यायालयाची नवी इमारत बांधायचे १८५८ मध्ये ठरले, तेव्हा तिच्यासाठी अडीच लाख डॉलर मंजूर झाले होते. १८७१ साल उजाडले तरी बांधकाम अपुरेच होते आणि खर्चाचा आकडा सव्वा कोटी डॉलरच्या वर गेला होता. अमेरिकेने अख्खा अलास्का प्रांत रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घेतला, त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. इमारतीच्या हिशेबात तीन टेबले आणि चाळीस खुर्च्या यांचे बिल १ लाख ७९ हजार डॉलरचे होते. अँड्र्यू गार्वे नावाच्या गिलावा करणाऱ्या कंत्राटदाराला दोन दिवसांच्या कामाचे १ लाख ३३ हजार डॉलर चुकते केलेले होते.

हा पैसा जात कुठे होता हे शहरात पुष्कळांना ठाऊक होते. कंत्राटदाराने फुगवलेले बिल लावायचे, नगरपालिकेने ते मंजूर करायचे आणि त्यातला मोठा हिस्सा टॅमनी हॉलच्या म्होरक्यांकडे परत पोचवायचा, अशी ती रीत होती. ती उघडी पडली एका वर्तमानपत्रामुळे आणि एका चित्रकारामुळे. वर्तमानपत्र होते न्यूयॉर्क टाइम्स. चित्रकार होता ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाचा थॉमस नॅस्ट, वय वर्षे तीस.

टॅमनी हॉल ही मुळात अठराव्या शतकातली एक मंडळी. पुढे ती डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्कमधली यंत्रणा बनली. तिचे बळ कळायला त्या शहराकडे पाहावे लागते. १८७० मध्ये न्यूयॉर्कची वस्ती सुमारे साडेनऊ लाख होती आणि त्यातले दोन लाखांवर लोक आयर्लंडमध्ये जन्मलेले होते. १८४५ नंतर बटाट्याचे पीक सडले, दुष्काळ पडला आणि ही माणसे जहाजे भरभरून आली. हाताला काम नव्हते, राहायला अंधाऱ्या कोंदट खोल्या, आणि गावातले जुने प्रोटेस्टंट रहिवासी त्यांना दारात उभे करायला तयार नव्हते. त्यांना विचारले टॅमनीने. नागरिकत्वाचा कागद, नगरपालिकेत नोकरी, थंडीत कोळसा, घरात मयत झाले तर खर्चाला चार पैसे, हे सगळे वॉर्डातल्या टॅमनीच्या माणसाकडून मिळे. बदल्यात मत द्यायचे. गरिबाला सरकार म्हणून दुसरे कोणी भेटतच नव्हते. टॅमनीच्या लुटीची गोष्ट सांगताना ही बाजू गाळली, तर लोक त्या मंडळींना वर्षानुवर्षे का निवडून देत होते याचा उलगडाच होत नाही.

या यंत्रणेच्या शेंड्यावर विल्यम ट्वीड बसला होता. १८२३ चा जन्म, बाप खुर्च्या बनवणारा. तरुणपणी तो अमेरिकस या स्वयंसेवी अग्निशामक दलाचा म्होरक्या होता आणि त्या दलाच्या बंबावर वाघाचे तोंड रंगवलेले असे. उंची सहा फूट, वजन तीनशे पौंडांच्या घरात, शर्टावर भला मोठा हिरा. त्याच्या जोडीला तिघे होते. शहराचा खजिना सांभाळणारा पीटर स्वीनी, हिशेब तपासणारा रिचर्ड कॉनोली आणि महापौर ओकी हॉल. खर्च करणारा, मंजूर करणारा आणि तपासणारा हे सगळे एकाच ताटात जेवत होते. ओरड वाढली तेव्हा १८७० च्या शेवटी जॉन जेकब ॲस्टर आणि आणखी पाच धनिकांच्या समितीला वह्या दाखवण्यात आल्या, आणि या सहा जणांनी हिशेब चोख असल्याचा दाखला देऊन टाकला.

नॅस्ट स्वतःही परदेशातूनच आलेला. जर्मनीच्या लांडाऊ गावात २७ सप्टेंबर १८४० ला त्याचा जन्म झाला. वडील बव्हेरियन पलटणीच्या बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवत. राजसत्तेविरुद्धची आपली मते ते लपवून ठेवत नसत, म्हणून त्यांनी १८४६ मध्ये बायकोमुलांना न्यूयॉर्कला धाडले आणि स्वतः काही वर्षांनी मागून आले. सहा वर्षांच्या थॉमसला इंग्रजीचे अक्षरही येत नव्हते. शाळेत तो रमला नाही. लिहिणे-वाचणे त्याला जन्मभर जड गेले आणि शुद्धलेखन कधीच जमले नाही. पुढे तो चित्र काढत बसे तेव्हा बायको सॅली शेजारी बसून त्याला वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून दाखवी. मला ही गोष्ट त्याच्या कलेच्या मुळाशी वाटते. शहरात हजारो माणसे छापील मजकुराकडे नुसती पाहत राहत. त्यांना बातमी कशी पोचते, काय दिसले की ती मनात बसते, हे या माणसाला आतून कळत असणार.

पंधराव्या वर्षी तो फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकात नोकरीला लागला. हे साप्ताहिक १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या दूधवाल्यांवर तुटून पडले. दारूच्या भट्ट्यांतला गरम चोथा खाऊन रोगट झालेल्या गायींचे दूध शहरात विकले जात होते आणि लहान मुले दगावत होती. लेस्ली यांनी गोठ्यांची चित्रे छापली, त्या कामात नॅस्टही होता. शहराचे अधिकारी दूधवाल्यांना कसे पाठीशी घालतात हे त्याने विशीच्या आत पाहिले. १८६० मध्ये तो मुष्टियुद्धाची चित्रे काढायला इंग्लंडला गेला, तिथून गॅरिबाल्डीच्या मोहिमेमागे इटलीत गेला, आणि १८६२ पासून ‘हार्पर्स वीकली’त स्थिरावला.

तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. नॅस्ट गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १८६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडचे लोक युद्धाला कंटाळले होते आणि दक्षिणेशी तडजोड करावी असा सूर डेमोक्रॅटिक पक्षाने लावला होता. ३ सप्टेंबरच्या अंकात नॅस्टचे चित्र आले. एक पाय गमावलेला उत्तरेचा सैनिक कुबडीवर मान खाली घालून उभा आहे. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस ताठ मानेने त्याच्याशी हात मिळवतो आहे. त्याचा बूट एका थडग्यावर आहे, आणि थडग्यावर लिहिले आहे की हे वीर एका व्यर्थ युद्धात पडले. थडग्यापाशी कोलंबिया, म्हणजे स्त्रीरूपातली अमेरिका, गुडघे टेकून रडते आहे. मागे बेड्या घातलेले एक काळे कुटुंब बसले आहे. अध्यक्ष लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाने हे चित्र प्रचारासाठी ठिकठिकाणी वाटले. नॅस्ट हा आपला सैन्यभरतीचा सर्वात चांगला हवालदार आहे, असे लिंकन म्हणाल्याचे सांगतात. गुलामगिरी मोडणाऱ्या या लढ्याची धग महाराष्ट्रापर्यंत पोचली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, ते हा लढा देणाऱ्या अमेरिकेतल्या माणसांना अर्पण करून.

हे चित्र छापले कसे जाई हेही पाहण्यासारखे आहे. नॅस्ट कागदावर नव्हे, बॉक्सवूड या घट्ट लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर पेन्सिलीने काढी, आणि तेही उलटे, आरशात दिसावे तसे. बॉक्सवूडचे झाड बारीक खोडाचे, त्यामुळे मोठा ठोकळा मिळत नसे. अनेक लहान तुकडे मागून बोल्टांनी आवळून दोन पानांएवढे फळकूट तयार करत. चित्र पुरे झाले की बोल्ट सोडायचे आणि एकेक तुकडा एकेका कारागिराला कोरायला द्यायचा. कुणी आभाळ कोरी, कुणी कोटाच्या चुण्या. मग तुकडे पुन्हा जोडून त्यावरून धातूचा ठसा घ्यायचा. एवढ्या हातांतून गेल्यावर नाजूक छटा टिकणार कशी? नॅस्टने हळूहळू ब्रशाच्या छटा सोडून दिल्या आणि पेन्सिलीच्या ठसठशीत, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांकडे वळला. माणसे थोडी आणि मोठी, चेहरा एका नजरेत ओळखू येणारा. लंडनच्या ‘पंच’मधल्या जॉन टेनिएलच्या चित्रांचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. त्याच ‘पंच’चे वळण गिरवत मुंबईत १८५४ पासून ‘पार्सी पंच’ निघत होता.

टॅमनीच्या मंडळींवर नॅस्टची चित्रे १८६९-७० पासूनच येऊ लागली होती. पण तेव्हा हाती पुरावा नव्हता. १८७० च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क टाइम्सही टॅमनीवर लिहू लागला, तोही संशयाच्या आधारेच. मग जानेवारी १८७१ मध्ये कॉनोलीच्या कचेरीतला हिशेबनीस जेम्स वॉटसन बर्फातल्या घसरगाडीच्या अपघातात मेला. सगळ्या वाटपाच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. त्याच्या पश्चात कचेरीत आलेल्या माणसांपैकी मॅथ्यू ओरूर्कने खोट्या बिलांच्या नकला करून घेतल्या. टॅमनीशी बिनसलेला माजी शेरीफ जेम्स ओब्रायन यानेही आपल्या माणसाकरवी तशाच नकला मिळवल्या. ही कागदपत्रे टाइम्सचे मालक जॉर्ज जोन्स यांच्या हाती आली. २२ जुलै १८७१ पासून टाइम्सने पहिल्या पानावर आकडे छापायला सुरुवात केली. नाव, तारीख, रक्कम, सगळे ओळीने.

त्याच्या दहाच दिवस आधी शहरात रक्त सांडले होते. १२ जुलैला आयरिश प्रोटेस्टंटांची मिरवणूक निघाली, आयरिश कॅथलिक जमाव तिच्यावर चालून आला, लष्कराने गोळ्या झाडल्या, साठांवर माणसे मेली. धंदेवाले आणि मध्यमवर्ग इतके दिवस लुटीकडे काणाडोळा करत होते, कारण टॅमनी निदान शांतता राखते असा त्यांचा समज होता. तो समज त्या दिवशी गेला. म्हणूनच दहा दिवसांनी आलेल्या आकड्यांनी शहर पेटले.

पण आकड्यांची एक अडचण असते. लाखांच्या रकमांचे रकाने वाचून चीड येते आणि ओसरते, डोळ्यांसमोर माणूस उभा राहत नाही. नॅस्टने त्या रकान्यांना तोंडे दिली. १९ ऑगस्टच्या अंकातले त्याचे चित्र आजही राजकीय व्यंगचित्रांच्या पुस्तकांत हटकून असते. लोकांचा पैसा कुणी चोरला, असा प्रश्न टाइम्सने विचारला आहे आणि माणसांचे एक रिंगण उभे आहे. समोर पोट पुढे काढलेला ट्वीड, त्याच्या शेजारी स्वीनी, कॉनोली, हॉल. मागे गार्वे आणि इंगरसोल हे कंत्राटदार, सुतार, गॅसच्या नळ्या पुरवणारा, आणि त्यांच्याही मागे नुसत्या टोप्या. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो आहे. बोटांमागे बोटे नजर फिरवत गेलात की तुम्ही पुन्हा ट्वीडपाशी येता. टाइम्सचे कित्येक रकाने त्या एका वर्तुळात मावले होते, आणि ते समजायला एकही अक्षर वाचावे लागत नव्हते.

त्या शरद ऋतूत नॅस्ट अंकामागून अंक चित्रे काढत राहिला. २३ सप्टेंबरला ट्वीड आणि त्याचे तिघे सोबती गिधाडे होऊन कड्यावर बसलेले दिसले. भोवती वादळ घोंघावते आहे, पायांखाली न्यूयॉर्कचे प्रेत आहे आणि आजूबाजूला करदाते, भाडेकरू, कायदा, न्याय अशी नावे लिहिलेली हाडे. २१ ऑक्टोबरच्या चित्रात ट्वीडला डोकेच नव्हते. धडावर पैशाची थैली आणि थैलीवरच्या डॉलरच्या खुणेतून नाक-डोळे उमटलेले. तोवर वाचकांना हा देह इतका पाठ झाला होता की चेहरा काढला नाही तरी माणूस ओळखू येत होता. नॅस्टची सगळी ताकद मला इथे दिसते. एकेक चित्र पाहिले तर त्याच्याहून सरस रेघ असलेले चित्रकार त्या काळात होते. पण तेच पोट, तोच हिरा, तीच पडलेली पापणी तो दर आठवड्याला लोकांपुढे ठेवत गेला. शेवटी खरा ट्वीड रस्त्यात दिसला तरी लोकांना नॅस्टचाच ट्वीड दिसू लागला.

ट्वीडच्याही हे लक्षात आले होते. वर्तमानपत्रांत काय लिहून येते याची मला पर्वा नाही, माझ्या मतदारांना वाचता येत नाही, पण ती चित्रे थांबवा, कारण ती त्यांना दिसतात, असे तो चिडून बोलल्याचे सांगितले जाते. मग दाब सुरू झाला. हार्पर ही शालेय पुस्तके छापणारी मोठी कंपनी होती आणि शहराच्या शाळांचे मंडळ टॅमनीच्या मुठीत होते. हार्परची पुस्तके शाळांतून हद्दपार करायचा हुकूम निघाला. संचालकांच्या बैठकीत माघार घ्यावी असा सूर निघाला. पण साप्ताहिकाची सूत्रे पाहणारे फ्लेचर हार्पर हटले नाहीत, आणि अखेर कंपनीही त्यांच्यामागे उभी राहिली. नॅस्टच्या नावाचा गाजावाजा होतो, फ्लेचर हार्परचे नाव मात्र मागे पडते. असा मालक पाठीशी नसता तर ती चित्रे ठोकळ्यांवरच राहिली असती.

नॅस्टलाही फोडायचा प्रयत्न झाला. हा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो त्यानेच सांगितला म्हणून. त्याचा चरित्रकार अल्बर्ट बिगेलो पेन याने तो १९०४ च्या ग्रंथात नोंदवला आहे. एका रविवारी एक बँकवाला नॅस्टच्या घरी आला. काही हितचिंतकांची इच्छा आहे की आपण युरोपात जाऊन कलेचा अभ्यास करावा, त्यासाठी एक लाख डॉलर तयार आहेत, असे त्याने सुचवले. नॅस्टने दोन लाख मिळतील का विचारले. मिळतील, म्हणाला. तो आकडा चढवत गेला आणि पाहुणा पाच लाखांपर्यंत हो म्हणत गेला. तिथे नॅस्टने बोलणे तोडले. या माणसांना गजाआड घालायचे मी ठरवले आहे, आणि घालणारच, असे त्याने सांगितले. जपून राहा, नाही तर आधी तुम्हीच शवपेटीत जाल, अशी धमकी देऊन पाहुणा निघून गेला. नंतर नॅस्ट बायकामुलांना घेऊन न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला राहायला गेला.

निवडणूक ७ नोव्हेंबर १८७१ ची. ‘हार्पर्स’च्या अंकावर ११ नोव्हेंबरची तारीख होती, पण अंक नेहमीच तारखेच्या आधी हाती पडे, त्यामुळे मतदानापूर्वी तो लोकांनी पाहिला. त्यात दोन पाने भरून एक रोमन आखाडा होता. मधोमध एक प्रचंड वाघ, जबडा वासून थेट पाहणाऱ्याकडे बघणारा. त्याच्या पंजांखाली कोलंबिया पडली आहे, तिची तलवार मोडलेली. वर सज्जात सम्राटाच्या वेषात ट्वीड आणि त्याचा दरबार. वाघाच्या गळपट्ट्यावर ‘अमेरिकस’ हे नाव. हा वाघ म्हणजे ट्वीडच्या त्या बंबावरचा वाघ. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून तो बंब धावे तेव्हा लहानगा नॅस्ट इतर पोरांबरोबर त्याच्यामागे पळत असे, अशी आठवण पेनच्या ग्रंथात आहे. चित्राखाली एक प्रश्न होता. लुटीबद्दल विचारले की ट्वीड उलट विचारी, म्हणे, तुम्ही काय करणार आहात? तोच प्रश्न नॅस्टने मतदाराला विचारला.

मतदारांनी टॅमनीचे बहुतेक उमेदवार पाडले. ट्वीड स्वतः राज्याच्या सिनेटवर निवडून आला, पण ती जागा त्याला कधी लाभली नाही. चित्रांनी टॅमनीला लोळवले असे सरसकट लिहिले जाते, ते मला पटत नाही. कॉनोली घाबरून फुटला आणि त्याने आपल्या खुर्चीवर अँड्र्यू ग्रीन या सचोटीच्या माणसाला बसू दिले. डेमोक्रॅटिक पक्षाचाच पुढारी सॅम्युअल टिल्डन याने ब्रॉडवे बँकेच्या वह्या बसून तपासल्या आणि कंत्राटदारांच्या खात्यांतला पैसा ट्वीडच्या खात्यात कसा उतरला हे कागदावर मांडले. कोर्टात उभा राहिला तो हा पुरावा. चित्रांनी केले ते त्याच्या आधीचे काम. आकड्यांबद्दलचा राग त्यांनी तीन-साडेतीन महिने विझू दिला नाही आणि तो चार ठरावीक चेहऱ्यांवर रोखून धरला.

१८७३ मध्ये ट्वीडवर २०४ आरोप शाबीत झाले आणि बारा वर्षांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टाने ती एका वर्षावर आणली. सुटताच साठ लाख डॉलरच्या दिवाणी दाव्यात त्याला पुन्हा धरले. लडलो स्ट्रीटच्या तुरुंगातून त्याला पहाऱ्यात घरी जाऊन यायची मुभा होती. ४ डिसेंबर १८७५ ला तो घरूनच निसटला. क्यूबामार्गे एका स्पॅनिश जहाजातून तो सप्टेंबर १८७६ मध्ये स्पेनच्या व्हिगो बंदरात पोचला. तिथे अधिकाऱ्यांकडे नॅस्टचे १ जुलैच्या अंकातले चित्र होते. त्या चित्रात कैद्याच्या पट्टेदार कपड्यांतल्या ट्वीडने दोन पोरांची मानगूट धरली होती. मोठे चोर मोकळे आणि भुरटे चोर मात्र पकडायचे, असा नॅस्टचा रोख होता. स्पॅनिश अधिकाऱ्यांना इंग्रजी मजकूर कळला नाही. हा मुले पळवणारा गुन्हेगार आहे असे समजून त्यांनी त्याला बरोबर ओळखून पकडले, असे सांगतात. ट्वीडला अमेरिकन युद्धनौकेवरून परत आणले गेले आणि १२ एप्रिल १८७८ ला तो त्याच तुरुंगात मेला.

नॅस्ट आता देशभर गाजला होता. १८७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने उमेदवार म्हणून उभ्या राहिलेल्या संपादक होरेस ग्रीलीला इतके झोडपले की त्याच्याच बाजूच्या काही लोकांना ते अति वाटले. त्या निवडणुकीत नॅस्टचा आदर्श असलेला अध्यक्ष ग्रँट जिंकला आणि महिनाभरात ग्रीली वारला. १८७४ मध्ये एका चित्रात त्याने रिपब्लिकन मतांसाठी हत्ती काढला. डेमोक्रॅटांचे गाढव त्याच्या आधीपासून प्रचारात होते, नॅस्टने ते रुळवले. अमेरिकेतले दोन मोठे पक्ष आजही याच दोन प्राण्यांनी ओळखले जातात. लालबुंद गालांचा, गोलमटोल सांताक्लॉजही बराचसा त्याच्याच हातचा.

त्याच हाताने दुसरेही एक काम केले, आणि त्याबद्दल बोलल्याशिवाय नॅस्टचे मोल करता येत नाही. त्याच्या चित्रांतला आयरिश माणूस जवळजवळ नेहमी माकडाच्या जबड्याचा असतो. उंच चेमटलेली टोपी, एका हातात दारूची बाटली, दुसऱ्यात सोटा. ३० सप्टेंबर १८७१ ला, म्हणजे टॅमनीविरुद्धची मोहीम ऐन भरात असताना, त्याने एक चित्र छापले. त्याचे नाव होते ‘अमेरिकेतली गंगा नदी’. हिंदू आया आपली तान्ही मुले गंगेत सुसरींपुढे टाकतात, अशा गोष्टी मिशनऱ्यांनी अमेरिकेत घरोघर पोचवल्या होत्या, नॅस्टने तेच रूपक उचलले. चित्रात नदीतून सुसरी किनाऱ्यावर सरपटत येत आहेत आणि नीट पाहिले की त्यांचे जबडे म्हणजे कॅथलिक बिशपांच्या टोप्या आहेत हे कळते. काठावर भेदरलेली मुले, मागे मोडकळलेली सरकारी शाळा, कड्यावर ट्वीडची मंडळी. शाळांचा पैसा धार्मिक शाळांना द्यावा की नाही हा वाद खरा होता. पण चित्राने एका अख्ख्या धर्माच्या धर्मगुरूंना हिंस्र जनावरे करून टाकले, आणि जाता जाता आपल्याबद्दलची एक विकृत कल्पनाही लाखभर घरांत पोचवली. ट्वीडचा चेहरा ज्या पद्धतीने त्याने लोकांच्या मनात ठोकून बसवला, त्याच पद्धतीने आयरिश माणसाचा हा मुखवटाही बसवला. फरक मोठा आहे. ट्वीड एक माणूस होता आणि त्याचा गुन्हा शाबीत झाला. मुखवटा मात्र बंदरावर पाठीने ओझी वाहणाऱ्या प्रत्येक हमालाच्या तोंडावर चढला.

काळ्या माणसांच्या बाबतीत त्याची पावले याहून गुंतागुंतीची पडली. १८६९ मध्ये त्याने अंकल सॅमच्या पंगतीला सगळ्या वंशांची माणसे बसवली. फेब्रुवारी १८७१ मध्ये चिनी मजुरामागे लागलेल्या जमावापुढे कोलंबियाला ढाल म्हणून उभे केले. ऑक्टोबर १८७४ मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्या दहशतवादी टोळ्या काळ्यांचे जिणे गुलामगिरीहूनही वाईट करत आहेत हे अशा ताकदीने दाखवले की ते चित्र आजही अंगावर येते. पण त्याच वर्षी दक्षिणेतल्या विधिमंडळांतले काळे सभासद त्याने भांडखोर विदूषकांसारखे रंगवले. डिसेंबर १८७६ मध्ये तराजूच्या एका पारड्यात दक्षिणेतला काळा मतदार आणि दुसऱ्यात उत्तरेतला आयरिश मतदार बसवून, दोघेही सारखेच अडाणी, असे तो सांगून गेला. ज्यांच्या मताधिकारासाठी तो दहा वर्षे झगडला, त्यांच्याबद्दलचा त्याचा विश्वास ते मत त्याच्या पक्षाच्या उपयोगी पडेनासे झाल्यावर पातळ झाला, असे मला ही चित्रे ओळीने पाहताना वाटते.

१८७७ मध्ये फ्लेचर हार्पर गेले आणि नॅस्टचा आधार तुटला. संपादक जॉर्ज विल्यम कर्टिसशी त्याचे पहिल्यापासून जमत नव्हते. कर्टिसला व्यक्तींवर असा हल्ला नको होता. १८८० च्या सुमारास लाकडी ठोकळे गेले, शाईने काढलेले चित्र फोटोच्या साहाय्याने ठशावर उतरू लागले आणि नॅस्टच्या पेन्सिलीच्या रेघेचा जोर उणावला. शिवाय जोसेफ केप्लरचे ‘पक’ हे रंगीत, हसरे साप्ताहिक बाजारात आले होते. १८८४ मध्ये ग्रँट अँड वॉर्ड ही पेढी बुडाली आणि तीत नॅस्टची पुंजी गेली. त्याच वर्षी रिपब्लिकन उमेदवार ब्लेन भ्रष्ट आहे म्हणून त्याने आपल्याच पक्षाविरुद्ध चित्रे काढली. १८८६ च्या अखेरीस त्याने ‘हार्पर्स’ सोडले. स्वतःचे साप्ताहिक काढले तेही काही महिन्यांत बंद पडले. कर्ज फेडायचे म्हणून १९०२ मध्ये त्याने अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने देऊ केलेली इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल बंदरातली वाणिज्यदूताची नोकरी पत्करली. तिथे पीतज्वराची साथ होती. ७ डिसेंबर १९०२ ला नॅस्ट त्याच तापाने गेला.

टॅमनी हॉल तेव्हाही न्यूयॉर्कच्या राजकारणात पाय रोवून होता. ट्वीडच्या जागी जॉन केली आला. तो आयरिश वंशाचा होता, कॅथलिक होता आणि ट्वीडपेक्षा कितीतरी शिस्तीचा. ट्वीडची वाटमारी गेली, मतांच्या बदल्यात नोकरी आणि कोळसा ही पद्धत साठ वर्षे टिकली. गरिबाला तो कोळसा दुसरा कोणी देत नव्हता तोवर ती टिकणारच होती, आणि चित्रांना त्यावर उपाय नव्हता.

राजकारण्यांनी मात्र नॅस्टपासून चांगलाच धडा घेतला. १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात व्यंगचित्रांना वेसण घालणारे विधेयक आले, ते फसले. नॅस्टच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १९०३ मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातही एक विधेयक आले. राजकीय माणसाला पशू किंवा पक्षी म्हणून दाखवायचे नाही. गव्हर्नर पेनीपॅकरला एका चित्रकाराने पोपट केले होते, हे त्याचे निमित्त. फिलाडेल्फियाच्या चित्रकारांनी पुढाऱ्यांना बटाटे आणि झाडे करून दाखवले, आणि ते विधेयक मागे पडले. त्याऐवजी झालेला बदनामीचा कायदाही चार वर्षांत रद्द झाला.

नॅस्टचा हिशेब अजून मिटलेला नाही. २०११ च्या अखेरीस न्यू जर्सी राज्याच्या मानकऱ्यांच्या यादीसाठी त्याचे नाव पुढे आले, तेव्हा आयरिश वंशाच्या लोकांच्या संघटनांनी ‘अमेरिकेतली गंगा नदी’ आणि त्या माकडतोंड्या चेहऱ्यांची आठवण करून देत जाहीर विरोध केला. त्याच्या बाजूच्यांनी ट्वीडची आणि गुलामगिरीविरोधी चित्रे पुढे केली. दोन्ही बाजूंनी दाखवलेली चित्रे एकाच साप्ताहिकातली होती, काही तर एकाच मोसमातली. त्या वर्षी त्याची निवड झाली नाही.